लहान बागायतदाराचा हिशेब

१. प्रश्न आणि त्याचे प्रचलित उत्तर

संशोधन केंद्राने एखादी सुधारलेली पद्धत वर्षानुवर्षे पारखून सिद्ध केली, तिने उत्पन्न वाढते हे आकड्यांनी दाखवून दिले, सरकारने तिच्यासाठी अनुदानही ठेवले, आणि इतके होऊनही ज्याच्या हितासाठी हा सारा खटाटोप झाला तो लहान शेतकरी ती पद्धत अर्धीमुर्धी उचलतो किंवा मुळीच उचलत नाही. असे का होते, हा प्रश्न शेतीशी प्रत्यक्ष संबंध नसलेला जिज्ञासू माणूस नेहमी विचारतो. शेतकरी अज्ञानी आहे, रूढिप्रिय आहे, नव्याला भितो, हे त्याचे प्रचलित उत्तर सोपे आहे, पण बव्हंशी चुकीचे आहे. हाती असलेली जमीन, पैसा, पाणी, मनुष्यबळ आणि कागदपत्रे यांच्या मर्यादेत लहान शेतकरी जो निर्णय घेतो त्यामागे एक काटेकोर हिशेब असतो. तो हिशेब कोणत्या बाबींचा बनलेला असतो हे या प्रकरणात आपण कॉफीच्या उदाहरणाने पाहू.

कॉफीचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. कॉफी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गोऱ्या साहेबाचा विस्तीर्ण मळा उभा राहतो. वस्तुतः भारतातील कॉफीच्या खातेदारांपैकी शेकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक खातेदारांची जमीन १० हेक्टरांच्या आत आहे. कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर आणि हासन हे जिल्हे, केरळातील वायनाड, तमिळनाडूतील निलगिरी व पळणीच्या टेकड्या आणि आंध्रातील अराकूचे आदिवासी खोरे ही या पिकाची मुख्य क्षेत्रे. आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्यालाही तिची थोडी लागवड आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या साधुपुरुषाने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, असे परंपरा सांगते.

२. झाडाचे वेळापत्रक

शेतकऱ्याचा निर्णय समजून घेण्याआधी पीक समजून घेतले पाहिजे. ज्वारी किंवा भात या पिकांत चूक झाली तर ती एका हंगामाची चूक असते. पुढच्या वर्षी बियाणे बदलता येते. कॉफीचे रोप लावल्यावर पहिले फळ हाती यायला तीन ते चार वर्षे जातात, आणि एकदा धरलेले झाड नीट सांभाळले तर कित्येक दशके फळ देते. म्हणून जुनी झाडे उपटून नवी, अधिक उत्पन्न देणारी जात लावा, हा सल्ला कागदावर कितीही बिनतोड असला तरी तो अमलात आणणे म्हणजे राहत्या घराचे छप्पर उतरवण्यासारखे आहे: नवे छप्पर जुन्याहून चांगले असेल याविषयी दुमत नाही, पण मधल्या काळात माणसांनी राहायचे कोठे? ज्याला दुसरे घर आहे तो सगळे छप्पर एकदम उतरवतो. ज्याला नाही तो एका वर्षी एक पाखे शाकारतो. लहान बागायतदार मेलेल्या व रोगट झाडांच्या जागी थोडी थोडी नवी रोपे भरत राहतो, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट पावसाची. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कॉफीच्या कळ्या तयार होऊन एका चांगल्या सरीची वाट पाहत थांबलेल्या असतात. ती सर पडली की आठदहा दिवसांत सारी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरी सर आली तर धरलेले फळ टिकते. यांना अनुक्रमे फुलोऱ्याची सर आणि आधाराची सर म्हणता येईल. या दोन सरी चुकल्या तर वर्षभराच्या खताचे आणि मेहनतीचे मोल फार कमी होते. ज्याच्याकडे तळे, इंजिन आणि तुषारसिंचनाचे नळ आहेत तो पावसाची वाट न पाहता कळ्यांना पाणी देतो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याचे उत्पन्न आकाशावर अवलंबून राहते, आणि असा मनुष्य खतावर मोठी रक्कम घालताना कचरतो, कारण पाऊस चुकला तर खताचे पैसेही त्याबरोबर जातात. पाण्याची सोय नसणे आणि खत कमी घालणे या दोन गोष्टी पाहणाऱ्याला निराळ्या दिसतात. शेतकऱ्याच्या हिशेबात त्या एकच आहेत.

३. अरेबिका की रोबस्टा?

भारतात कॉफीच्या दोन जाती होतात. अरेबिका ही नाजूक, सुगंधी, सामान्यतः अधिक भावाची आणि साधारण हजार मीटरांहून उंच, थंड जागी रमणारी. रोबस्टा ही काटक, कडवट चवीची, अधिक फळ देणारी आणि कमी उंचीवरही येणारी. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात अरेबिकाचे प्राबल्य होते. आज एकूण उत्पादनात रोबस्टाचा वाटा सुमारे शेकडा सत्तर आहे. भाव जर अरेबिकाला अधिक, तर शेतकरी रोबस्टाकडे का वळले?

याचे पहिले कारण रोग. अरेबिकाच्या पानांवर तांबेरा पडतो. १८६९ साली सिलोनात प्रकट झालेल्या याच बुरशीने पुढच्या दोन दशकांत तिथला कॉफीव्यवसाय उद्ध्वस्त केला आणि त्या बेटावर चहाचे राज्य आले. त्याहून दुर्धर शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा: त्याची मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी खोड पोखरते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे झाड हळूहळू सुकते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे वर्षातून दोनदा, किड्यांच्या उड्डाणाच्या हंगामाआधी, एकेक झाड तपासून लागण झालेले झाड उपटून जाळणे. रोबस्टा तांबेऱ्याला सहसा बळी पडत नाही आणि हा किडाही तिच्या वाटेला फारसा जात नाही.

दुसरे कारण मजुरांचे. अरेबिकाचे पिकलेले फळ फार काळ झाडावर राहत नाही, गळून पडते. रोबस्टाचे फळ पिकल्यावरही बराच काळ टिकते. त्यामुळे मजूर आठ-पंधरा दिवस उशिरा मिळाले तरी रोबस्टाच्या मालकाचे फारसे बिघडत नाही, अरेबिकाच्या मालकाचे मात्र फळ मातीत जाते. मोठा बागायतदार आपल्या आवारात मजुरांच्या चाळी बांधून माणसे वर्षभर राखतो. लहानाला ती ऐन हंगामात, सर्वांना हवी असतात तेव्हाच शोधावी लागतात. म्हणून तो भावाकडे पाहण्याआधी आपल्याला किती माणसे आणि केव्हा मिळतील याकडे पाहतो. २०२४ साली, व्हिएतनाममधील दुष्काळानंतर, रोबस्टाचे जागतिक भाव विक्रमी पातळीवर गेले तेव्हा त्याच्या या निवडीला बाजाराचाही कौल मिळाला; पण त्याने ती निवड केली होती ती भाव वाढण्याच्या कितीतरी आधी, आणि निराळ्या कारणांसाठी.

४. सावली किती ठेवावी?

ब्राझीलमध्ये कॉफी बहुतेक ठिकाणी उघड्या उन्हात वाढवतात. भारतात ती झाडांच्या सावलीत वाढते. खाली पांगाऱ्याच्या कुळातील लवकर वाढणारी, दरवर्षी छाटता येणारी झाडे, आणि वर फणस, उंबर, नांदरुख यांसारखे उंच वृक्ष किंवा सिल्व्हर ओक, अशी ही दुमजली सावली असते. ऊन वाढवले की फळ वाढते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण सावली विरळ झाली की खोडकिड्याला हवे ते ऊन खोडावर पडते, तण माजते आणि खताची गरज वाढते. सावली फार दाट झाली तर पावसाळ्यात ओल साचून कोळेरोग पडतो. कोकणातल्या सुपारीच्या बागायतदाराला हे नाव परिचित आहे. कॉफीवरचा रोग वेगळ्या बुरशीचा, पण ओल आणि अंधार त्यालाही पोसतात. तेव्हा सावलीचे प्रमाण हे एकाच वेळी उत्पन्न, कीड, रोग, तण आणि मजुरी या पाच गोष्टींचे उत्तर असते, आणि प्रत्येक बागेत ते निराळे निघते.

यात कायद्याचाही हात आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कोडगूमध्ये जम्मा नावाची एक जुनी वंशपरंपरागत वहिवाट आहे. तीत भातखाचरांना जोडून सरपण, चारा आणि पालापाचोळा यांसाठी माळरान-जंगलाची जमीन दिलेली असे, तिला बाणे म्हणतात. पुढे या बाणे जमिनींवर कॉफी आली. परंतु अशा पुष्कळ जमिनींवरील जुन्या देशी वृक्षांच्या लाकडावर सरकारचा हक्क राहिला, आणि ज्या झाडाची सावली राखायची, पालापाचोळा सोसायचा, फांद्या छाटायच्या, त्याचे लाकूड विकायचे म्हटले तर दफ्तरांचे उंबरठे झिजवून परवाना मिळवण्याची पाळी आली. उलट ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकवर असे कडक निर्बंध नव्हते. तो लवकर वाढतो, सरळ वाढतो, त्याच्या खोडावर मिरीचा वेल चढवता येतो, आणि मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या दुरुस्तीला पैसे लागले की तो तोडून विकताही येतो. मग फणसाच्या आणि उंबराच्या जागी सिल्व्हर ओक वाढत गेला, तर तो केवळ शेतकऱ्याच्या निसर्गाविषयीच्या अनास्थेचा परिणाम मानणे अन्यायाचे होईल. ज्या झाडाची मालकी आपली, त्याच झाडाची जोपासना मनुष्य मनापासून करतो. देशी वृक्ष राखावेत असे ज्यांना वाटते त्यांनी आधी महसुलाच्या कागदांकडे लक्ष दिले पाहिजे.

५. सरासरी आणि वाईट वर्ष

आता या सर्व निर्णयांच्या मुळाशी असलेला हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडू. एका कुटुंबाची थोडी जमीन आहे आणि त्याला वर्षाला घरखर्चासाठी २०,००० रुपये लागतात असे समजा. जुन्या पद्धतीने, म्हणजे दाट सावली, थोडे शेणखत आणि मिरीचे वेल ठेवून, खर्च वजा जाता पाच वर्षांत त्याला ३०, ३०, ३०, ३० आणि २० हजार मिळतात: एकूण १,४०,०००, सरासरी २८,०००. नव्या पद्धतीने, म्हणजे विरळ सावली, विकतचे खत, औषधे आणि केवळ कॉफीवर भर देऊन, त्याला ६०, ६०, ४५ आणि १५ हजार मिळतात आणि एका वर्षी उलट २० हजारांचा तोटा होतो: एकूण १,६०,०००, सरासरी ३२,०००. सल्लागार सांगतो की नवी पद्धत वर्षाला ४,००० रुपयांनी, पाच वर्षांत २०,००० रुपयांनी अधिक फायद्याची आहे. त्याचे गणित बरोबर आहे.

पण वर्षे कोणत्या क्रमाने येतील हे कोणाच्या हाती नसते. तोट्याचे वर्ष पहिलेच आले तर कुटुंबाला तोट्याचे २०,००० आणि घरखर्चाचे २०,००० असे ४०,००० रुपये कर्ज काढावे लागेल. सावकाराचा दर शेकडा दरमहा दोन रुपये धरला तर व्याज महिन्याला ८०० रुपये. दुसरे वर्ष १५ हजारांचे आले तर मुद्दल फिटणे दूरच, आणखी ५,००० उसने घ्यावे लागतील. तिसऱ्या हंगामापर्यंत, म्हणजे दोन वर्षांत, केवळ मूळ रकमेवरचे व्याज १९,२०० रुपये होते. पाच वर्षांतला जो अधिक फायदा सल्लागाराने दाखवला होता तो जवळजवळ सगळा व्याजातच संपला, आणि मुद्दल अद्याप उभेच आहे. जुन्या पद्धतीत या कुटुंबाला एकाही वर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

सल्लागार सरासरीकडे पाहतो आणि लहान शेतकरी सर्वांत वाईट वर्षाकडे पाहतो: या प्रकरणाचे सार इतकेच आहे. ज्याच्या गाठी चार वर्षांची शिल्लक आहे, किंवा ज्याला बँक कमी व्याजाने कर्ज देते, त्याने सरासरी पाहणे शहाणपणाचे. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही त्याने वाईट वर्ष पाहणे तितकेच शहाणपणाचे. दोघांची बुद्धी सारखीच आहे. त्यांची परिस्थिती निराळी आहे. कॉफीबरोबर मिरी, सुपारी, केळी आणि थोडे भात ठेवण्याची लहान बागायतदाराची रीत याच हिशेबातून आली आहे, कारण कॉफीचा भाव आणि मिरीचा भाव एकाच वर्षी कोसळण्याचा संभव कमी असतो.

६. तोडणीचा प्रश्न

उत्तम कॉफीसाठी फक्त लाल, पूर्ण पिकलेली फळे तोडावीत, असे सर्व जाणकार सांगतात. एका झाडावरची फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे चार-पाच वेळा यावे लागते. पहिल्या फेरीत फळ विरळ असते, मधल्या फेरीत भरपूर. समजा मजुरी दिवसाला ४८० रुपये आहे. भरल्या फेरीत एक मजूर ६० किलो फळ तोडतो, म्हणजे किलोमागे ८ रुपये पडले. विरळ फेरीत तो २० किलोच तोडू शकतो, म्हणजे किलोमागे २४ रुपये. फरक १६ रुपयांचा. एक किलो तयार बी मिळवायला सुमारे सहा किलो पिकले फळ लागते. तेव्हा विरळ फेरीच्या बियांवर किलोमागे ९६ रुपये जादा खर्च झाला. व्यापारी निवडक तोडणीसाठी किलोमागे ६० रुपयेच अधिक देत असेल, तर काळजीपूर्वक तोडणी करणाऱ्याला ३६ रुपयांचा दंड बसला असे म्हटले पाहिजे.

हेच काम घरची माणसे करीत असतील तर रोख पैसा बाहेर जात नाही आणि निर्णय उलटा फिरतो. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन बागांत, सारखीच माती आणि सारखाच पाऊस असता, एक कुटुंब निवडून तोडते आणि दुसरे एकाच फेरीत फांदी ओरबाडते, असे दिसते. पहिल्या घरी चार कर्ती माणसे असतात आणि दुसऱ्या घरची मुले बंगळूरला नोकरीला गेलेली असतात.

तोडणीनंतरही असाच प्रश्न उभा राहतो. फळाची साल लगेच काढून, बी आंबवून-धुऊन वाळवले तर पार्चमेंट नावाचा अधिक भावाचा माल होतो, पण त्यासाठी साल काढण्याचे यंत्र, भरपूर पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था लागते. अख्खे फळ अंगणात पसरून वाळवले तर चेरी नावाचा माल होतो. त्याला भाव कमी, पण ऊन आणि मोकळी जागा यांपलीकडे काही लागत नाही. चेरी घेताना व्यापारी ५० किलोच्या गोणीतून किती किलो स्वच्छ बी निघेल याचा नमुना काढून भाव ठरवतो. बी किती निघेल हे तो पाहतो. फळ किती निगुतीने तोडले हे फारसे पाहत नाही. ज्या गुणाचा भाव होत नाही तो गुण टिकवण्याचा खर्च शेतकऱ्याने पदरचा करावा, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही.

७. शेजाऱ्याची बाग

१९२५ साली म्हैसूर संस्थानाच्या कृषिखात्याने, डॉ. लेस्ली कोलमन यांच्या प्रेरणेने, बाळेहोन्नूरजवळ कॉफीचे प्रयोगकेंद्र काढले. आजची केंद्रीय कॉफी संशोधन संस्था ती हीच. तिथून बाहेर पडलेली एस-७९५ ही अरेबिकाची जात १९४० च्या दशकापासून आजतागायत शेतकऱ्यांच्या विश्वासाला पात्र ठरली आहे. उलट १९८० च्या दशकात आलेली कावेरी ही बुटकी, लवकर आणि भरघोस फळणारी, तांबेऱ्याला दाद न देणारी म्हणून पुष्कळांनी हौसेने लावली. काही वर्षांतच तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी तिचा प्रतिकार मोडला, आणि ज्यांनी सारी बाग तिच्या भरवशावर टाकली होती त्यांना बोर्डो मिश्रणाच्या फवारण्यांचा खर्च नव्याने मांडावा लागला. २००७ साली चंद्रगिरी ही नवी जात आली तेव्हा अनेकांनी ती आधी एका कोपऱ्यात लावून पाहिली असेल, तर त्यात अनुभवाचा आदरच आहे.

शेतकरी नवे ज्ञान कसे पारखतो याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध आहे. १९४३ साली ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बहुतेकांना नव्या बियाण्याची वार्ता विक्रेत्यांकडून कळली होती, पण त्यांचा विश्वास बसला तो शेजाऱ्यांच्या अनुभवावरून. आणि बहुतेकांनी ते आधी थोड्या जागेत पेरून पाहिले, मग सगळ्या शेतात नेले. मक्याच्या बाबतीत शेजाऱ्याचा अनुभव एका हंगामात दिसतो. कॉफीच्या बाबतीत तोच अनुभव दिसायला चार वर्षे, आणि एखादी जात रोगापुढे टिकते की नाही हे कळायला दहा वर्षे लागतात. तेव्हा कॉफीच्या प्रदेशात सुधारणा मंदगतीने पसरते, यात लोकांच्या मंदपणापेक्षा झाडाच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

८. संस्था निर्णय कसा बदलतात

१९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळाला वैधानिक अधिकार मिळाले, आणि पुढे कित्येक वर्षे बागायतदाराने आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करायचा व पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे अशी व्यवस्था होती. पैसे उशिरा मिळत, पण जागतिक बाजाराचा आघात थेट अंगावर येत नसे. १९९० च्या दशकात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उठली आणि १९९६ पर्यंत सर्वांना माल खुल्या बाजारात विकण्याची मोकळीक मिळाली. त्यापूर्वीच, १९८९ साली, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यात-मर्यादा कोसळली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी भाव इतके पडले की अनेकांना तोडणीची मजुरीही सुटेना. मिश्र बागेचा धडा एका संपूर्ण पिढीने त्या वर्षांत गिरवला.

संस्था चांगली असेल तर तोच शेतकरी निराळा निर्णय कसा घेतो हे अराकूत दिसते. पोडू नावाची फिरती शेती करणाऱ्या आदिवासी कुटुंबांना तिथे सरकारी योजनांतून कॉफीची आणि सावलीच्या सिल्व्हर ओकची रोपे मिळाली. एक-दोन एकरांचा हा बागायतदार रासायनिक खत वापरत नव्हता, कारण त्यासाठी रोख पैसा त्याच्याकडे नव्हता. पुढे सहकारी संस्थेने त्याच्याकडून पिकलेले लाल फळच विकत घेण्यास आरंभ केला आणि प्रक्रिया मध्यवर्ती केंद्रात होऊ लागली. यंत्राचा खर्च, पाण्याची अडचण आणि गिऱ्हाईक शोधण्याची चिंता या तिन्ही गोष्टी त्याच्या डोक्यावरून उतरल्या, निवडक तोडणीला भाव मिळाला, आणि तो निवडून तोडू लागला. २०१७ साली या कॉफीचे दुकान पॅरिसमध्ये उघडले, आणि २०१९ साली अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

९. मग सल्ला कसा द्यावा?

एवढ्या विवेचनावरून एक नियम हाती येतो. नव्या पद्धतीचा विचार करताना लहान शेतकरी पाच प्रश्न विचारतो: सर्वांत वाईट वर्षी माझे काय होईल? फळ येईपर्यंत मी काय खाईन? ऐन वेळी माणसे आणि पाणी मिळेल काय? झाड आणि जमीन कागदोपत्री माझी आहे काय? आणि जादा मेहनतीचा मोबदला मला मिळेल की मधल्यांना? या पाचांपैकी एकाचे उत्तर प्रतिकूल असेल तर उरलेली चार अनुकूल असूनही तो थांबतो, आणि थांबणे योग्यच असते. म्हणून त्याला उपदेश करण्याआधी सल्लागाराने, सरकारने आणि व्यापाऱ्याने हे पाच प्रश्न स्वतःला विचारावेत. पीकविमा वेळेवर मिळावा, नवी लागवड फळेपर्यंत कर्जाचे हप्ते थांबावेत, देशी वृक्षांची मालकी निःसंदिग्ध व्हावी, गावोगाव सामाईक प्रक्रियाकेंद्रे निघावीत, आणि लाल फळाला लाल फळाचा भाव मिळावा. हे झाले तर लहान बागायतदाराच्या मागे नव्या पद्धतीसाठी लकडा लावण्याची गरज उरणार नाही. आज जो हिशेब करून तो नाही म्हणतो, तोच हिशेब करून तो होय म्हणेल.